गाडीतल्या तापदायक रचना: कारण काय, उपाय काय?

आडवा बोल्ट (प्रश्न)

मंडळी, हा धागा बिघाडांसाठी नाही. गाडी धडधाकट असते, पण कारखान्यातूनच तिच्यात काही गोष्टी अशा करून ठेवलेल्या असतात की रोज वैताग येतो, किंवा पाच मिनिटांच्या कामात अर्धा दिवस जातो. त्यांची कारणं आणि उपाय एका जागी यावेत, म्हणून विचारतोय.

पुढच्या दिव्याचा साधा बल्ब बदलायला हात आत जात नाही. वायपरच्या दांड्या बोनेटच्या कडेखाली दडलेल्या असल्यामुळे पातं बदलायला त्या उचलताच येत नाहीत. थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी यंत्रणा एकदा बंद केली तरी पुढच्या वेळी पुन्हा चालू होते. एसीचं तापमान स्क्रीनमध्ये दोन पानं आत लपलेलं. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचा गालिचा ओला, पण पाणी कुठून आलं ते कळत नाही. रिव्हर्स टाकला की मागे एकच पांढरा दिवा लागतो.

यातलं काय निव्वळ सवयीने निभावण्यासारखं आहे, आणि कशाकडे दुर्लक्ष केलं तर गाडीचं नुकसान होतं? जुनी गाडी बघायला गेल्यावर यातलं काय आधीच तपासता येईल?

तेराचा पाना

बल्बपासून सुरू करतो, कारण बऱ्याच गोष्टींचं मूळ तिथेच आहे. कारखान्यात दिवा आधी बसतो आणि बंपर नंतर चढतो. दिवा बसवणाऱ्याला समोरून मोकळी जागा मिळते. आपल्या हातात गाडी येते तेव्हा पुढून बंपर असतो आणि मागून बॅटरी, एअर फिल्टरचा डबा नाहीतर वॉशरच्या टाकीची मान. जुळवायला सोपी गाडी खोलायला सोपी असेलच असं नाही, आणि कारखान्याला रोज काम पडतं ते जुळवण्याचं. हीटर कोअरचं, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी फिरवून आतली हवा तापवणाऱ्या छोट्या जाळीचंही तेच. हीटर-एसीची पेटी आणि डॅशबोर्ड बाहेर एकत्र जुळवून अख्खे आत सरकवले जातात, त्यामुळे त्या पेटीतला छोटासा कोअर बदलायला कित्येक गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

मडगार्डच्या आतून बल्ब बदलायचा असेल तर चाकं विरुद्ध दिशेला पूर्ण वळवा: डावा दिवा असेल तर उजवीकडे. मग लायनरमधली, म्हणजे मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तरातली झडप, किंवा झडप नसेल तर लायनरच्या पुढच्या तीन-चार क्लिपा काढायच्या. इथेच निम्मी मोडतोड होते. क्लिपा दोन प्रकारच्या असतात. एकीत मधली खुंटी चपट्या स्क्रूड्रायव्हरने वर उचलायची, दुसरीत तीच खुंटी दोन-तीन मिलिमीटर आत दाबायची. दाबायची क्लिप उपटली की पाकळ्या तुटतात. खुंटीच्या डोक्यावर खाच किंवा फिलिप्सचा कट असेल तर ती बहुधा उचलायची असते, मधे गुळगुळीत खळगा असेल तर दाबायची. दोन-चार जादा क्लिपा जवळ असल्याशिवाय हे काम काढू नका.

आतमध्ये एच७ (हॅलोजनचा एक नेहमीचा प्रकार) बल्ब तारेच्या स्प्रिंगने धरलेला असतो आणि ती स्प्रिंग दिसत नाही, हाताने चाचपावी लागते. म्हणून आधी दुसऱ्या बाजूच्या दिव्याचं झाकण काढून स्प्रिंग कुठे अडकते आणि कुठल्या बाजूला उघडते ते मोबाइलच्या कॅमेऱ्याने बघून घ्या. दुसरी बाजू बहुतेक वेळा आरशातल्यासारखी उलटी असते. काच बोटांनी धरायची नाही. लागलंच बोट, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोटाचा तेलकटपणा राहिला तर तेवढ्याच जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. बसवून झाल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही झोतांची वरची कड जुळते का बघा. एक झोत विस्कटलेला किंवा वर चढलेला दिसला तर बल्बची चकती खाचेत बसलेली नाही, झोताचा स्क्रू फिरवायला जाऊ नका. मागचं रबरी झाकण पूर्ण दाबून बसवायला विसरलात तर महिनाभरात दिव्याच्या आत दव धरतं.

वायपर बोनेटखाली दडवतात ते वाऱ्याचा आवाज कमी व्हावा म्हणून, आणि पादचाऱ्याचं डोकं आदळलं तर टणक भाग वर नसावा म्हणूनही. या गाड्यांत सर्व्हिस पोझिशन असते. बऱ्याच युरोपीय गाड्यांत इग्निशन चालू करून बंद करायचं, दहा सेकंदांच्या आत वायपरची दांडी एकदा पुसण्याच्या दिशेने दाबून दोन सेकंद धरायची, की दोन्ही हात काचेच्या मध्यावर येऊन थांबतात. काही गाड्यांत हा पर्याय स्क्रीनच्या मेन्यूत असतो. पातं काढल्याबरोबर काचेवर जाडसर टॉवेल टाका. नुसती धातूची दांडी स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटली तर काच तडकते. दांड्या उभ्या असताना बोनेट उघडायचं नाही, कडेचा रंग निघतो.

खरा ताप देणाऱ्या रचना मात्र वेगळ्या आहेत. कॅडिलॅकच्या नॉर्थस्टार व्ही८ मध्ये आणि लेक्सस एलएस ४०० च्या १यूझेड इंजिनात स्टार्टर मोटर सिलिंडरच्या दोन ओळींच्या मधल्या खाचेत, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली बसवली आहे. जागा छान वाचते, पण स्टार्टर बदलायचा तर वरचं सगळं उतरवायचं. अशा कामात इनटेकची भोकं स्वच्छ कापडाने बंद करा आणि मॅनिफोल्डची गॅस्केट नवीनच घाला, जुनी परत बसवली तर हवा ओढते. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलमध्ये आणि ऑडीच्या चेनवाल्या ४.२ व्ही८ मध्ये टायमिंग चेन (क्रँकशाफ्टच्या तालावर व्हॉल्व्ह उघडझाप करवणारी साखळी) इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. याला अभियांत्रिकी कारण आहे: फ्लायव्हीलच्या बाजूला क्रँकशाफ्टला पिळवटणारी कंपनं कमी असतात, चेनला धक्के कमी बसतात. पण चेनचा मार्गदर्शक प्लास्टिकचा आहे, तो झिजतो, आणि तिथे पोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. जी वस्तू झिजणार हे आधीच ठाऊक आहे ती भिंतीकडे तोंड करून बसवणं मला तरी पटत नाही.

पागोळी

ओल्या गालिच्याबद्दल लिहितो. तुमच्या यादीतली सगळ्यात महागात पडणारी गोष्ट हीच आहे, आणि तीही रचनेचीच देणगी.

गाडीत पाणी येऊच द्यायचं नाही असं कोणी ठरवलेलंच नसतं. पाणी आत घ्यायचं आणि ठरलेल्या वाटेने खाली सोडायचं, अशी योजना असते. समोरच्या काचेखालच्या जाळीतून ते काउलच्या पन्हाळीत उतरतं, सनरूफच्या चौकटीत साठून चार नळ्यांतून जातं, दरवाजाच्या काचेला घासून दरवाजाच्या पोटात पडतं आणि खालच्या भोकांतून बाहेर येतं. एसीचं पाणी वेगळ्या नळीने गाडीच्या मधोमध खाली ठिबकतं. या प्रत्येक वाटेच्या टोकाला बोटाएवढं भोक नाहीतर रबरी चोच असते. पान, धूळ, पराग यांचा गाळ तिथेच अडतो.

आधी पाणी कुठलं ते ठरवा. पाऊस नसताना, एसी चालवल्यावरच ओलं होत असेल आणि पाणी स्वच्छ, बिनवासाचं असेल तर एसीची नळी तुंबली आहे. दमट हवेत एसी पंधरा मिनिटं चालू ठेवून गाडीखाली बघा. एक थेंबही पडला नाही तर शंका उरत नाही. पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल, काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आहे आणि हीटर कोअर गळतोय. फक्त पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर ओलं होत असेल तर काउल, सनरूफ किंवा दरवाजा. दरवाजा असेल तर पाय ठेवायच्या पट्टीजवळची कड आधी भिजते. स्पीकर बदलताना किंवा काचेची मोटर काढताना दरवाजाच्या आतली प्लास्टिकची ताडपत्री फाडून तशीच सोडलेली असते, हे त्याचं नेहमीचं कारण. ती ब्यूटाइलच्या (चिकट रबराच्या) नव्या पट्टीने चिकटवा. सेलोटेप दोन आठवडेही टिकत नाही.

काउल साफ करायला वायपरच्या दांड्या काढाव्या लागतात. त्याआधी काचेवर चिकटपट्टीने पात्यांची जागा खुणावून ठेवा. टोपीखालचा नट सैल करा पण पूर्ण काढू नका. दांडी खाचांवर गंजून बसलेली असते, ती छोट्या पुलरने सोडवा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलीत तर ॲल्युमिनियमचा तुकडा उडतो. नंतर रबरी पट्टी, प्लास्टिकची जाळी, आणि आत हाताने गाळ उचलायचा. पाण्याच्या जोराने तो ढकलू नका, सरळ रबरी चोचीत जाऊन बसतो. शेवटी लिटरभर पाणी सावकाश ओता आणि दोन्ही बाजूंनी खाली पडताना बघा. रबरी चोच दर वेळी तुंबत असेल तर तिची फट दाबून उघडायची, बोटाने गाळ काढायचा. काही जण ती चोच कापूनच टाकतात. पाणी भराभर जातं हे खरं, पण त्याच वाटेने धूळ आणि इंजिनाची वाफ वर येते, त्यामुळे मी तसं सुचवणार नाही.

सनरूफच्या पुढच्या नळ्या समोरच्या खांबातून उतरतात, मागच्या मागच्या खांबातून. छत उघडून प्रत्येक कोपऱ्यात शंभरेक मिलिलिटर पाणी सावकाश सोडा. काही सेकंदांत ते नाहीसं झालं पाहिजे आणि गाडीखाली दिसलं पाहिजे. नाहीसं झालं पण खाली दिसलं नाही, तर नळी आतच कुठेतरी निसटली आहे आणि पाणी गालिच्याखाली जातंय. साफ करायला गवत कापण्याच्या यंत्राची दोन मिलिमीटरची नायलॉन दोरी वापरा, टोक ज्योतीवर धरून गोल करा. तार नको, नळीला भोक पडतं. कंप्रेसरची हवाही नको. नळी वरच्या तोटीवर नुसती खोचलेली असते, दाबाने सुटते आणि ती परत बसवायला छताचं अस्तर उतरवावं लागतं.

आडवा बोल्ट

पागोळी, नेमकं हेच हवं होतं. एक शंका. गालिच्यावर हात फिरवला तर कोरडा लागतो, पण काचा बंद राहिल्या की कुबट वास येतो आणि सकाळी काचेवर आतून दव असतं. म्हणजे पाणी नाही असं धरायचं का?

पागोळी

नाही. गालिच्याखाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा फोम असतो. वरचा गालिचा वाळतो, फोम महिनोन्महिने ओला राहतो. पायपट्टीचं प्लास्टिक वर ओढून काढा, गालिच्याची कड उचला आणि हात थेट पत्र्यापर्यंत घालून बघा. जुनी गाडी बघताना एवढं जरूर करा, मालकाची परवानगी घेऊन. मागच्या सीटपुढचा खोलगट भागही बघा, पाणी उतारावरून तिथे जमतं.

फोम जागच्या जागी पंख्याने वाळत नाही. सीट काढून गालिचा उचलावाच लागतो. सीटखाली एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असतात. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा, मगच त्यांना हात लावा. ते सुटलेले असताना इग्निशन चालू करू नका, एअरबॅगचा दिवा लागतो आणि स्कॅनरने पुसेपर्यंत जात नाही. ही उस्तवार करायची कारण बऱ्याच गाड्यांत वायरिंगचा मोठा गठ्ठा, कधी कधी कंट्रोल युनिटही, गालिच्याखाली त्याच खोलगट जागेत असतं. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या की काचा आपोआप खाली जाणं, सेंट्रल लॉक अडकणं, बॅटरी रात्रीत उतरणं असले बिनताळमेळाचे दोष सुरू होतात, आणि लोक एकेक सुटा भाग बदलत बसतात.

डावा आरसा

नियंत्रणांबद्दल.

स्टार्ट-स्टॉप दर वेळी पुन्हा चालू होतं ते मुद्दाम. इंधन आणि उत्सर्जनाची अधिकृत चाचणी गाडी सुरू केल्यावर जी अवस्था असते त्या अवस्थेत होते. बटणाने बंद केलेलं गाडीने लक्षात ठेवलं तर मूळ अवस्था बदलते आणि चाचणीत मिळालेला फायदा धरता येत नाही. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांत वेगमर्यादेचा इशारा देणारी यंत्रणा बंधनकारक आहे, आणि तीही दर वेळी चालूच झाली पाहिजे असा नियम आहे. म्हणजे गाडीची विसरभोळी वागणूक बिघाड नाही. अनेक गाड्यांत स्टिअरिंगवरच्या एखाद्या बटणाला ही दोन कामं नेमून देता येतात किंवा एखादं बटण लांब दाबून ती होतात. पुस्तिकेच्या अनुक्रमणिकेत 'आवडीचे बटण' किंवा 'शॉर्टकट' शोधा. ऑटोमॅटिक असेल तर थांबताना ब्रेक हलका धरला तर बऱ्याच गाड्यांत इंजिन चालूच राहतं, जोराने दाबला की बंद होतं. बंद केलेलं लक्षात ठेवणारा, नंतर लावायचा बाजारू मेमरी मॉड्यूलही मिळतो, बटणाच्या कनेक्टरमध्ये बसतो, काम करतो.

स्क्रीनबद्दल मात्र सवय हा उपाय नाही. २०२२ मध्ये स्वीडनच्या 'वी बिलेगारे' या मासिकाने ताशी ११० किलोमीटर वेगात तीच चार साधी कामं वेगवेगळ्या गाड्यांत करून वेळ मोजला. २००५ च्या बटणांच्या व्होल्व्हो व्ही७० मध्ये ती दहा सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे पडलेल्या एमजी मार्व्हल आर मध्ये ४४.९ सेकंद लागले, म्हणजे १,३७२ मीटर. बटण हाताला सापडतं, स्क्रीनवरचं चित्र डोळ्यांनीच शोधावं लागतं, आणि गाडी खड्ड्यातून जात असेल तर बोट भलतीकडे पडतं. फोक्सवॅगनने गोल्फच्या आठव्या पिढीत तापमानासाठी स्पर्शाची पट्टी दिली आणि तिला सुरुवातीला दिवाच दिला नव्हता. रात्री ती दिसत नसे. पुढे दिवा आला. २०२६ पासून युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपीय संस्थेच्या गुणांकनात इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना स्वतंत्र भौतिक बटण नसेल तर गुण कापले जातात. तापमान त्या यादीत नाही, हे मला अपुरं वाटतं.

तोवर काय करायचं? निघण्यापूर्वी तापमान ऑटोवर ठेवा, काचेचं दव घालवायचं बटण कुठे आहे ते न बघता सापडेपर्यंत उभ्या गाडीत सराव करा. आवाजी आज्ञेने तापमान बदलता येत असेल तर त्याचे नेमके शब्द पाठ करा.

आणखी एक रचना, जिच्याबद्दल लोक बोलत नाहीत. डॅशबोर्ड दिवसरात्र उजळलेला असतो आणि पुढे दिवसाचे दिवे आपोआप लागतात. संध्याकाळी ड्रायव्हरला समोर थोडा उजेड दिसतो, मीटरही दिसतात, त्यामुळे हेडलाइट लावलेलेच नाहीत हे ध्यानात येत नाही. दिवसाचे दिवे अनेक गाड्यांत फक्त पुढे असतात. मागची बाजू पूर्ण काळी. कॅनडाने सप्टेंबर २०२१ पासूनच्या नव्या गाड्यांत यावर नियम केला: मागचे दिवेही लागले पाहिजेत, किंवा हेडलाइट आपोआप लागले पाहिजेत, किंवा डॅशबोर्ड अंधारा राहिला पाहिजे. आपल्या गाडीत स्विच ऑटोवर कायम ठेवा. मात्र ऑटो फक्त उजेड मोजतं. दिवसा धुक्यात किंवा मुसळधार पावसात कित्येक गाड्यांत ते दिवे लावत नाही, तेव्हा हातानेच लावायचे.

गिअरची दांडी प्रत्येक वेळी मध्यावर परत येणारी असेल तर ती कुठल्या गिअरमध्ये आहे हे हाताला कळत नाही. याच कारणावरून २०१६ मध्ये फियाट-क्रायस्लरने जगभरातून अकरा लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. पार्क लागलं असं समजून लोक उतरत आणि गाडी घरंगळत असे. क्रम ठरवून टाका: ब्रेक दाबलेला, पार्क, मीटरमध्ये 'पी' अक्षर डोळ्यांनी बघायचं, पार्किंग ब्रेक, मग ब्रेकवरचा पाय उचलून गाडी हलत नाही ना बघायचं, शेवटी इंजिन बंद.

तेराचा पाना

डावा आरसा यांच्या बाकी सगळ्याशी सहमत, मेमरी मॉड्यूलशी नाही. तो बटणाच्या आणि वायरिंगच्या मधे बसतो, काहींचा वीजवापर गाडी बंद असतानाही चालू राहतो, आणि वॉरंटीत वायरिंगचा वाद निघाला तर बोट पहिलं त्याच्याकडेच जातं. दर वेळी एक बटण दाबणं परवडलं. शिवाय स्टार्ट-स्टॉप आपणहून काम करेनासं झालं तर ती बॅटरी थकल्याची पहिली खूण असते. मॉड्यूल लावलं की ही खूणही जाते.

बॅटरीवरून आठवलं. ती डिकीत किंवा सीटखाली असेल तर तिच्या एका बाजूला बारीक नळी असते, ती हायड्रोजन गाडीबाहेर सोडते. नवी बॅटरी बसवताना ती नळी आणि तिचा वाकडा जोड हमखास खाली पडून राहतो. तो बसवायलाच हवा, आणि दुसऱ्या टोकाचं भोक बुचाने बंद हवं. निगेटिव्ह टोकावर चौकोनी सेन्सर असेल तर चार्जरचा काळा चिमटा टोकाला न लावता बॉडीच्या ठरलेल्या बोल्टला लावा, नाहीतर चार्ज किती झाला हे गाडीला कळत नाही. एजीएम बॅटरीच्या (ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेलं असलेल्या) जागी साधी घालू नका. बॅटरी डिकीत आणि डिकीचं कुलूप विजेवर, अशी जोडी असेल तर बॅटरी उतरल्यावर आत पोचायची वाट कुठली ते आजच बघून ठेवा. बहुतेक वेळा चावीच्या पोटात धातूची पाती असते आणि बोनेटखाली उसनी वीज द्यायला लाल टोपीचं टोक असतं.

उजवीकडून

रिव्हर्सच्या एकाच दिव्याचं उत्तर राहिलं. तो बिघाड नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या नियमानुसार सहा मीटरपर्यंतच्या मोटारीला रिव्हर्सचा एक दिवा बंधनकारक आहे, दुसरा ऐच्छिक. मागचा धुक्याचा दिवाही एकच चालतो, पण तो एकच असेल तर गाडीच्या मध्यावर किंवा रस्त्याच्या मधल्या बाजूला हवा: वाहतूक डावीकडून असेल तर उजवीकडे. म्हणून एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला पांढरा अशी वाटणी करतात. दुसऱ्या बाजूच्या भोकात होल्डर आणि वायर आहे का बघा. दोन्ही नसतील तर तिथे बल्ब कधी नव्हताच.

डाव्या स्टिअरिंगची गाडी उजव्या स्टिअरिंगची करताना राहून गेलेल्या गोष्टी हा एक वेगळाच प्रांत आहे. बोनेट उघडायची दांडी शेजारच्याच्या पायाशी राहते. वायपरची झेप बदललेली नसेल तर ड्रायव्हरच्या बाजूचा वरचा कोपरा न पुसलेला राहतो. प्यूजोच्या काही गाड्यांत फ्यूजबॉक्स डॅशबोर्डच्या ग्लोव्ह बॉक्सच्या कप्प्यातच राहिला आणि कप्पा निम्मा झाला. ही सगळी निभावण्यासारखी आहेत. ब्रेकची गोष्ट तशी नाही. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) डावीकडेच ठेवून पेडल उजवीकडे आणलं की दोन्हींना जोडणारा आडवा दांडा शेजारच्याच्या पायापुढून जातो. सिट्रोएन सी३ पिकासोमध्ये त्यावर संरक्षक पुरेसं नव्हतं, शेजारी बसलेल्याने पाय ताणला तर ब्रेक लागत. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या गाड्या परत बोलावून ते दुरुस्त करावं लागलं. आडवा दांडा असलेली गाडी बघायला गेलात तर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग बोटाने हलकं दाबून पेडल विरोध न करता किती जातं ते पाहा. टोकाच्या बुशिंग झिजल्या असतील तर हा मोकळा प्रवास वाढतो, आणि ब्रेकमध्ये हवा आहे असं समजून विनाकारण ब्रेक ऑइल बदललं जातं.

आडवा बोल्ट

बाहेर न दिसणाऱ्या दरवाजाच्या हँडलबद्दल कोणी सांगेल का? वीज गेली तर मागच्या सीटवरची माणसं बाहेर कशी येतात?

डावा आरसा

कुलूप पूर्ण विजेवर असेल तर पुढच्या दरवाजांना साधारणपणे हाताने ओढायची पट्टी असते, पण मागच्यांची केबल कधी दरवाजाच्या कप्प्यातल्या रबराखाली, कधी स्पीकरच्या जाळीमागे असते, आणि काही गाड्यांत मागे ती दिलेलीच नाही. अपघातानंतर धुरात रबर उचलून केबल शोधायची ही अपेक्षा चुकीची आहे, स्पष्ट लिहितो. चीनने नियम केला आहे: १ जानेवारी २०२७ पासून नव्या गाड्यांच्या दरवाजांना आतून आणि बाहेरून यांत्रिक हँडल लागेल. अशी गाडी असेल तर पुस्तिकेतलं पान उघडून चारही दरवाजे एकदा हातानेच उघडा, आणि मागे बसणाऱ्यांना त्यांच्याच हाताने उघडायला लावा. काही गाड्यांत या पट्टीने दरवाजा उघडताना काच आपोआप खाली सरकत नाही आणि वरच्या रबराला घासते, त्यामुळे रोजच्या वापराला ती नाही. चाचणी करताना काच आधी थोडी उतरवून ठेवा.

तेराचा पाना

जुनी गाडी बघताना माझ्या बाजूने एकच भर. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टच्या सुरुवातीच्या इंजिनांत आणि प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ प्यूअरटेकमध्ये टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्ये फिरतो. घर्षण कमी, आवाज कमी. पण चुकीच्या प्रतीचं ऑइल घातलं किंवा बदलायला उशीर केला की रबर फुगतं, त्याचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि ऑइलचा दाब पडतो. प्यूअरटेकमध्ये ऑइल भरायच्या तोंडातून बेल्ट दिसतो. इंजिन थंड असताना टॉर्च मारून त्याच्या पाठीवर भेगा किंवा कडेला सुटलेले धागे आहेत का बघा. रुंदी मोजायला त्याच तोंडातून घालायचं खास मापही असतं, फुगलेला बेल्ट त्यात बसत नाही. सर्व्हिसच्या बिलावर ऑइलचा नुसता ग्रेड नको, कंपनीचा मान्यता क्रमांकही लिहिलेला हवा. तो नसेल तर ऑइलचं पॅन उतरवून जाळी दाखवायला सांगा, आणि मालक नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा.